बोटवाले काका, हे जाहीर आभार तुमचे

काका, सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे घरी सुखरूप पोचलो. भेटेल तो नदी कशी होती म्हणून विचारतो, फोटो मागतो. बोट कोण चालवत होतं, हे मात्र अजून एकानंही विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

सुरुवातीला तुम्ही आम्हाला जरा खडूसच वाटला होतात. सुट्टीवर आलेल्या माणसांना उजाडायच्या आत उठवायचं, अकरा वाजले की बोट काठाच्या झाडाखाली नेऊन बांधायची आणि चारपर्यंत दोर सोडायचा नाही, हा कुठला न्याय? ‘पैसे भरलेत ना आपण?’ असं थोरला पुटपुटलासुद्धा. तुम्ही ते ऐकलंत, आणि काहीच न बोलता त्याच्या हातात दोर देऊन त्याला गाठ मारायला शिकवायला बसलात. दुपारी वारा सुटला तेव्हा उलगडा झाला. जमीन तापली की वारा उठतो, आणि तो प्रवाहाच्या उलट आला की सकाळी गुळगुळीत असलेल्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. झाडाखाली बांधलेली बोटसुद्धा हेलकावे खात होती. त्यानंतर थोरल्यानं पैशांचा विषय काढला नाही.

जॅकेटवरून तर रोजची वादावादी. त्या उकाड्यात लाइफ जॅकेट घालणं म्हणजे अंगाला गादी बांधून हिंडणं. पण तुम्ही बधला नाहीत. पट्टे आवळून झाले की प्रत्येकाचं जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून बघायचात. धाकटीचं कानांपर्यंत सरकलं, तेव्हा निघायला उशीर झाला तरी चालेल म्हणालात, पण तिच्या मापाचं, पायांमधून पट्टा घेतलेलं दुसरं आणवलंत. ‘माप चुकलं तर जॅकेट वर तरंगतं आणि पोर खाली जातं,’ एवढंच तुमचं स्पष्टीकरण. उकडतंय म्हणून ती रडायला लागली, तर जॅकेट काढू न देता आतला सदरा तेवढा भिजवून दिलात. रडं थांबलं.

पण हे पत्र खरं तर आईंसाठी आहे, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी.

त्या दिवशी अकराच्या आधीच ऊन भाजायला लागलं होतं. वर छत होतं, पण पाण्यावरून येणारी तिरीप कुठलं छत अडवणार? आई कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. डुलकी लागली असेल, असं आम्ही धरून चाललो. तुमचं तोंड नदीकडे, हात सुकाणूवर, आणि तरी तुम्हीच म्हणालात, ‘ताई, आजी गप्प का झाल्या?’ हात लावला तर अंग घामानं चिकट आणि गार. मळमळतंय म्हणाल्या, पोटऱ्यांत गोळे आले होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत की घाई केली नाहीत. सावलीत बोट लावलीत, आईंना आडवं करून पायांखाली बॅग सरकवलीत. ओले पंचे मानेवर आणि काखेत ठेवायला मला सांगितलंत, आणि स्वतः डब्याच्या झाकणानं वारा घालत राहिलात. ओआरएसचं अख्खं पाकीट मोजून एक लिटर पाण्यात, आणि तेही घोट घोट. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. पाकीट नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेही तेव्हाच सांगितलंत. ते मी स्वयंपाकघराच्या दारावर लिहून चिकटवलंय.

मधेमधे तुम्ही आईंना विचारत होतात, आज वार कोणता, नातवाचं नाव काय, काल कुठे थांबलो होतो. मला वाटलं, जीव रमवायला गप्पा मारताय. आई उठून बसल्यावर मग सांगितलंत, की माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा ताप चाळीस अंशांवर गेला, तर तो उष्माघात. तिथे झाडाची सावली पुरत नाही, अंग थंड करत करत सरळ दवाखाना गाठायचा. आणि बोट तुम्ही जवळच्या काठाला न लावता जरा पुढच्या काठाला का लावलीत, तेही तेव्हा कळलं. तिथपर्यंत रस्ता उतरत होता. आम्ही कावरेबावरे झालो होतो तेवढ्यात तुम्ही हे सगळं ठरवून मोकळे झाला होतात.

मुलांच्या तोंडी मात्र दुसऱ्याच गोष्टी आहेत. इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडते ना, ती एकदा एकाएकी बारीक होऊन थेंबांवर आली. तुम्ही ताबडतोब इंजिन बंद केलंत, ते वर उचललंत आणि जाळीत गुंतलेलं हिरवं शेवाळ बोटांनी ओढून काढलंत. पुन्हा सुरू केल्यावर धार पडली आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. नदीचंच पाणी आत जाऊन इंजिन थंड ठेवतं, हे थोरला आता शेजारपाजाऱ्यांना समजावत असतो. वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि आतल्या अंगाला वाळू, हे धाकटी चित्र काढून दाखवते.

पोहण्याचंही तसंच. इंजिन बंद, किल्ली खिशात, आधी बांबूनं तळ चाचपायचा, मागे रिकामा कॅन बांधलेला दोर सोडायचा आणि मगच मुलांना पाण्यात उतरू द्यायचं. सूर मारायचा नाहीच. काठावर पाण्याच्या रेषेला तुम्ही एक काटकी रोवून ठेवायचात. ढगाचा पत्ता नसताना ती एकदा निम्मी बुडालेली दिसली, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलंय म्हणत तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत. मुलं फुरंगटली, पण आम्ही मोठे आता हुज्जत घालत नव्हतो.

आई ठणठणीत आहेत. त्यांचा निरोप असा, की तुम्ही दिवसभर आम्हाला पाणी पाजत होतात, पण तुमची स्वतःची बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेली असायची, ते त्यांनी पाहिलंय. पुढच्या उन्हाळ्यात त्या स्वतः हजेरी घेणार आहेत. दोन्ही मुलांना पोहण्याचा क्लास लावलाय. पहाटे उठवायची तक्रार आम्ही मागे घेतो, फक्त चहा आधी आणि हाका नंतर, एवढं जमवा.

तुमची,
बोटीतली ताई