पाचवा उद्गार

सोलापूर,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय दोस्ता,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

काय बे, नाताळनंतर तुझा पत्ताच नाही! ईस्टरला येशील म्हणून खिडकीजवळचा तो बाक धरून ठेवला होता. संडेस्कूलमध्ये असताना कंपासच्या टोकानं कोरलेली आपली नावं अजून आहेत त्यावर. नुसता रंग चढलाय.

पत्र लिहायला बसलो ते मात्र वेगळ्याच कारणानं. मनात एक गोष्ट अडकून बसली आहे. पाळकसाहेबांना सांगावी तर ते प्रार्थना करून मोकळे होतील. तू निदान शिव्या घालशील.

यंदा उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत मलाही बोलायला सांगितलं. वधस्तंभावरून येशूनं काढलेले सात उद्गार, सात वक्ते. माझ्या वाट्याला पाचवा आला, ‘मला तहान लागली आहे.’ आधी वाटलं, सुटलो. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, ‘दिप्सो’. त्यावर किती बोलणार? पण मग महिनाभर रोज रात्री कारखान्यातून आलो की टॉवेलांचे हिशेब बाजूला सारून योहानाचं शुभवर्तमान घेऊन बसायचो. त्याच्या १९ व्या अध्यायात हा उद्गार येतो. बाकीच्या तिघा शुभवर्तमानकारांनी तो लिहिलेलाच नाही.

त्याच सुमारास चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची सभा झाली. विषय काय, तर त्या तीन तासांत चर्चच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ ठेवायचा की नाही. पारा एक्केचाळीसच्या पुढे. म्हातारी माणसं म्हणाली, प्रभूनं वधस्तंभावर सोसलं, तुम्हाला तीन तास दम धरवत नाही? तरुण संघ म्हणाला, गेल्या वर्षी दोघी चक्कर येऊन पडल्या होत्या. दीड तास चालली सभा! आपण मूळचे अमेरिकन मिशनचे काँग्रिगेशनल, म्हणजे सगळं मंडळीनंच मिळून ठरवायचं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलो, बिशपसाहेब आले, पण माठासाठीसुद्धा हात वर करून मत घ्यायची खोड काही गेली नाही. (मला ती आवडते, खरं सांगू का.) शेवटी माठ ठेवायचा ठरलं. पेला मात्र एकच, म्हणजे गर्दी होणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन झालं. पाळकसाहेबांनी बारा जणांचे पाय धुतले, त्यात मीही होतो. पाणी येतं चार दिवसांआड, त्यामुळे एकाच घंगाळात बाराही जणांचं उरकलं. मी अकरावा. माझ्यापर्यंत ते पाणी कसल्या रंगाचं झालं होतं ते विचारू नको. बारावे खजिनदार. ते घरूनच पाय धुऊन आले होते. पण हसू येत असतानाच पाळकसाहेब गुडघ्यावर बसले, माझी टाच हातात धरून पंच्यानं पुसू लागले, आणि घशात काहीतरी दाटून आलं. वडील गेल्यापासून माझ्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता.

रात्री दोन वाजता बायकोनं हलवलं. ‘उठा, नळ आला.’ शंभर किलोमीटरवरच्या उजनीचं पाणी, आलं की रात्र-दिवस बघायचं नसतं हे तुला सांगायला नको. बॅरल, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या पद्मशाली अक्का दारात आल्या. त्यांची बोअरची मोटर जळालेली. ‘अण्णा, दोन घागरी पाणी द्या की.’ मी म्हणालो, ‘आमचंच अजून भरायचंय, बघू नंतर.’

पावणेतीनला नळ गेला. तोवर बॅरल काठोकाठ भरलं होतं. मी त्यावर झाकण ठेवलं आणि झोप उडालीच आहे तर म्हणून भाषणाचे कागद काढले. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘मला तहान लागली आहे.’

शपथेवर सांगतो, त्या वेळी काहीच वाटलं नाही. एक शब्द बदलला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी चांगलं बोललो. याकोबाच्या विहिरीपाशीही सुमारे सहावा तासच, म्हणजे भर दुपार होती, तिथेही प्रभूनं शोमरोनी बाईकडे पाणीच मागितलं होतं, हे जोडून दाखवलं. आधी देऊ केलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस त्यानं घेतला नाही, कारण गुंगीत मरायचं नव्हतं; पण तहान सांगितल्यावर दिलेली ही आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली. ‘आंब म्हणजे रोमी शिपायांचं रोजचं स्वस्त पेय,’ मी सांगत होतो. ‘म्हणजे खिळे ठोकणाऱ्यांपैकीच कुणीतरी आपल्या वाटणीतलं...’

इथे अडखळलो. बॅरल दिसलं. झाकणासकट.

लोकांना वाटलं, मला भरून आलं. पुढच्या बाकावरच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी कागदावरचं उरलेलं वाचून खाली उतरलो. पुलपिटावरूनच सगळं सांगून टाकायला हवं होतं ना? तोंडाशी आलं होतं, गिळलं. बाहेर माठाजवळ चार जणांनी हात दाबून ‘आशीर्वादित झालो’ म्हटलं. त्या एकुलत्या पेल्यानं पाणी प्यायलो तेही घाईघाईनं, कुणी बघत असल्यासारखा.

शनिवारी सकाळी दोन घागरी घेऊन अक्कांच्या दारात गेलो. मोटर दुरुस्त झाली होती. ‘आता नको अण्णा, टाकी भरली की,’ म्हणाल्या, आणि मला तसाच उंबऱ्यात उभा करून आत गेल्या. ताक घेऊन आल्या, वर जिरं-कोथिंबीर. ‘काल तीन तास त्या उन्हाच्या वेळेला बसलात म्हणं तुमच्या देवळात.’ एका हातात घागर, खांद्यावर दुसरी, पेला धरू कशानं? त्यांनीच घागर उतरवून घेतली. गटागट प्यायलो. त्या रात्रीबद्दल दोघंही बोललो नाही.

ईस्टरला पहाटे साडेचारला कब्रस्तानात गेलो. आदल्या दिवशी पोरांनी तुझ्या बाबांच्या कबरीला चुना लावला होता. तुझ्या नावानं मोगऱ्याचा हार वाहिला, मेणबत्ती वाऱ्यानं दोनदा विझली, तिसऱ्यांदा टिकली. उजाडताना सगळ्यांनी गायला सुरुवात केली, सूर नेहमीसारखाच वर चढला आणि बायकांनी तो कसाबसा खाली आणला.

मे महिन्यात ये. येताना केडगावला उतरून मुक्तीमिशनमध्ये आत्याबाईंना भेटून ये, त्या तुझी आठवण काढतात. शेंगाचटणी करून ठेवायला सांगितली आहे. अक्कांशी ओळख करून देतो.

तुझाच,
खिडकीजवळच्या बाकावरचा