हे कुणासाठी चालू आहे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वाढलेल्या बिलाचं सांगत होतास आणि मागून काकूंचा आवाज आला, "राहू दे रे, मी बंद करते माझा पंखा." फोन ठेवल्यावर मला काही चैन पडेना. घरून काम सुरू झाल्यापासून विजेवरून घरात धुसफूस होते हे तू सहज बोलून गेलास, पण त्यापायी काकूंनी उकाड्यात बसावं हे काही मनाला पटत नाही. आमच्याकडेही हेच झालं होतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे, तुझा लॅपटॉप गुन्हेगार नाही. तो काम करताना साधारण ४० वॅट घेतो. आठ तास चालला तरी युनिटचा तिसरा हिस्साही होत नाही. फोनचा चार्जर नुसता खोचलेला राहिला तर वर्षभरात जेमतेम एक-दोन युनिटं. त्यावरून मुलांना ओरडू नकोस. मीही आधी अशाच बारीकसारीक गोष्टींच्या मागे लागलो होतो. दिसेल तो दिवा बंद करत फिरायचो, घरातले सगळे वैतागले आणि बिल होतं तिथंच राहिलं.

मग एका रात्री मीटरपाशी जाऊन उभा राहिलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो बघ. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, माझ्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, म्हणजेच ३६ लाख वॅट-सेकंद. या ३६ लाखांना ३२०० ने भागलं की येतात ११२५. या ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, की त्या घडीला घर किती वॅट ओढतंय ते कळतं. तुझ्या मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घे.

सगळे झोपले होते. दिवे, पंखे बंद केले, फ्रिजही पाच मिनिटांपुरता बंद केला. माझ्या मते मीटर आता जवळजवळ थांबायला हवा होता. हातात घड्याळ घेऊन मोजू लागलो तर दर पंधरा सेकंदांनी दिवा लुकलुकत होता. ७५ वॅट! जुन्या धाटणीचा एक छताचा पंखा रिकाम्या खोलीत रात्रंदिवस फिरत ठेवावा, तेवढी वीज. दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. आणि घरात एकही माणूस तिचा उपयोग करत नव्हता.

शोधत शोधत कामाच्या टेबलापाशी आलो. डेस्कटॉपचा पडदा काळा होता, म्हणून मी तो झोपलाय असंच धरून चाललो होतो. खाली वाकून डब्याला हात लावला तर कोमट, आतला पंखा हळू आवाजात फिरतोय. सुरुवातीला रात्री अपडेट यायचे म्हणून ऑफिसनं तो चालू ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा मी स्लीपची सेटिंग काढून टाकली आणि पुढं विसरलो. कित्येक महिने तो रात्रभर जागत होता. तो बंद केला, त्याच बोर्डावरचे स्पीकर आणि प्रिंटरही बटणावरून बंद केले, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद केला आणि पुन्हा मोजलं. आता एक लुकलुक ४५ सेकंदांनी. २५ वॅट. उरलेले राऊटरचे आणि इन्व्हर्टरच्या चार्जिंगचे. रोज रात्रीचे बारा तास धरले तरी महिन्याला १८ युनिटं वाचली, आणि त्यासाठी कुणाला काही सोसावं लागलं नाही.

तेव्हापासून घरातलं काही चालू दिसलं की मी एकच विचारतो, हे कुणासाठी चालू आहे? काकूंचा पंखा काकूंसाठी चालू आहे, तो चालायलाच हवा. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. माणूस उठून गेलं की बंद करायचा, माणूस बसलेलं असताना नाही. उलट त्यांच्या खोलीत नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा आधी लाव. जुना पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० च्या आसपास. त्यांचा पंखा दिवसाला अठरा तास चालत असेल तर महिन्याला चोवीसेक युनिटं वाचतील आणि त्यांना वाराही मिळेल. सगळ्या घरातले पंखे एकदम बदलायची गरज नाही, सर्वांत जास्त चालतो तो आधी.

आता खरी वीज कुठं जाते ते सांगतो. जे तापवतं आणि जे गार करतं, तिथं. गिझरचं बघ. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे तुझ्या लॅपटॉपचे जवळजवळ दोन दिवस. ऑफिसला जायचो तेव्हा आंघोळीची वेळ ठरलेली असायची. आता "ही मीटिंग संपली की जातो" म्हणत आपण गिझर लावून ठेवतो, मीटिंग लांबते, पाणी निवत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. आमच्याकडे आता सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकतात आणि शेवटचा बाहेर पडताना गिझर बंद करतो.

एसीचंही तसंच. दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर जोरात चालतो तेव्हा १५०० वॅटच्या घरात वीज घेतो. तू दिवाणखान्यात बसून तो लावतोस, म्हणजे एका माणसासाठी एवढी मोठी खोली गार करतोस. टेबल लहान खोलीत हलव, एसी २६ वर ठेव आणि सोबत पंखा लाव. पश्चिमेच्या खिडकीला जमलं तर बाहेरून आडोसा कर. काचेच्या बाहेरच ऊन अडलं तर खोली फारशी तापत नाही, आतला पडदा तेवढं काम करत नाही. मी टेबल खिडकीला काटकोनात लावलंय. उजेड बाजूनं येतो, संगणकाच्या पडद्यावर झळाळी येत नाही आणि दुपारी चारपर्यंत दिवा लागत नाही. दिव्यांचं एवढंच, एलईडी नसलेले जे उरले असतील ते बदलून टाक.

वहिनींना सोबत घेऊन मोज. एकानं मीटरपाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेक बटण बंद करत जायचं. आम्ही दोघांनी नंतर एकदा असंच केलं, आणि त्या दिवसापासून आमच्यातली कटकट थांबली. कोण विसरलं हा प्रश्नच उरला नाही.

रविवारी रात्री मोजून मला सेकंद आणि मीटरवरचा आकडा दोन्ही कळव, भागाकार मी करतो. काकूंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या पंख्याला तोवर कुणी हात लावू नका.

तुझाच,
जिवाभावाचा मित्र