फेंडर चँप ५एफ१ जोडताना मदत करणाऱ्यांचे आभार

फेंडरचा जुना ट्वीड (कापडी आवरणाचा) चँप हा व्हॉल्व्हवाला गिटार अँप्लिफायर घरी जोडणाऱ्या आम्हा मंडळींना नाव न सांगता मदत करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिल्यांदा चालू करताना फेजच्या वायरीत ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावा, असं बजावणाऱ्यांचे आधी. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहेच. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा आणि मीटर लावून खात्री करा, हेही त्यांचंच.

आउटपुटचा थोडा सिग्नल मागे नेणारा फीडबॅकचा २२ किलोओहमचा रेझिस्टर जोडताच अँप किंचाळायला लागला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. या एका वाक्याने कित्येकांचं डोकं शांत केलं.

६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या आतली धातूची प्लेट लाल होते तेव्हा सगळे आधी व्हॉल्व्हलाच शिव्या घालतात. त्याच्या ग्रिडवर (सिग्नल जिथे येतो त्या पिनवर) मीटर लावा. तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले आणि आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणाऱ्या ०.०२ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरचं टोक सोडवताच गेले, तर तोच गळतोय. नवा ६०० व्होल्टचा घ्या.

आणि गुणगुण कमी करायला व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या दोन्ही वायरींपासून ग्राउंडला १०० ओहमचे दोन रेझिस्टर. (मूळ अँपमध्ये एक वायर थेट चॅसीला जोडलेली असे, ती काटकसर काढून टाका.)