मोतीला कुठे ठेवायचं

नागपूर, १८ एप्रिल

प्रिय संजू,

बहिणीचं लग्न ठरल्याचं वाचून फार बरं वाटलं. काकू कधीची वाट पाहत होत्या! तुमच्या कुत्र्याला, मोतीला, इथे ठेवून तुम्ही नागपूरहून पुण्याची गाडी पकडणार, हेही ठीक. बाबांचा दमा नसता तर तो हक्काने आमच्याकडेच राहिला असता. ते जमत नाही म्हणून मी तुझ्यासाठी कुत्री सांभाळणारी काही बोर्डिंगं पाहून आलो.

लग्न ऐन नवतपात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत आहे, म्हणून आधी उन्हाचंच लिहितो. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर त्याची सगळी भिस्त धापण्यावर. एरवी त्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, ते १०५-१०६ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. त्यामुळे मी मुद्दाम दुपारी तीनच्या सुमारास, न कळवता जात होतो. संध्याकाळी पाणी मारलेलं अंगण कुठेही छानच दिसतं.

वर्धा रोडकडच्या एका ठिकाणी पोहायचं टाकं, रंगवलेल्या भिंती, सगळं होतं. पण कुत्री पत्र्याखाली. कूलर चालू होता, खिडक्या मात्र बंद. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत ओल कोंडते, आणि दमट हवेत धापून कुत्र्याला गारवा मिळत नाही. लाइट गेल्यावर काय करता, असं विचारलं तर म्हणाले, इन्व्हर्टर आहे. त्यावर फक्त दिवे चालतात, हे खोदून विचारल्यावर कळलं. तिथे मोतीला ठेवायचं नाही.

दुसरीकडे मालक भला माणूस, पण रात्री तिथे कोणीच झोपत नाही. नऊला कुलूप लावून सकाळी सहाला येतात. मोतीचं वय झालं आहे. मध्यरात्री त्याला उलट्या सुरू झाल्या तर कोणाला कळणार?

मला पटली ती हिंगण्याकडची जागा. जुनं कौलारू घर, जाड भिंती. नवराबायको तिथेच राहतात. लहान कुत्र्यांचं अंगण वेगळं. आणि मुख्य म्हणजे, मी तोंड उघडायच्या आत त्या बाईंनीच लसीचं कार्ड मागितलं. जिथे मोतीचं कार्ड न पाहता घेतात, तिथे शेजारच्या कुत्र्याचंही पाहिलेलं नसणार. रेबीजची आणि नाइन-इन-वन ही बऱ्याच रोगांवरची एकत्रित लस, दोन्ही वेळेवर झालेत ना ते बघ. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस राहिली असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना विचार, आदल्या दिवशी दिलेली उपयोगाची नाही. गोचिडाचं औषधही त्यांच्याकडूनच घे. गोचिडताप लगेच दिसत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी चढतो. परत नेल्यावर त्याने जेवण टाकलं किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर थांबू नकोस.

त्याचं रोजचं खाणं मोजून पुड्यांत बांधून दे. अन्न एकदम बदललं की हगवण ठरलेली. तुझी जुनी चादर न धुता दे, त्याला तुझा वास लागतो. आणि एका कागदावर सही करून ठेव, की तुझा फोन लागला नाही तर उपचाराचं मी ठरवीन, खर्चही मी देईन. सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आहेच, पण रात्री गाडी कोण काढणार, कोणत्या डॉक्टरकडे नेणार, हे त्या दोघांशी बोलून ठेवतो.

एक मात्र कर. मेच्या पहिल्या शनिवारी त्याला घेऊन ये आणि एक रात्र तिथे ठेव. तू आमच्याकडे झोप. सकाळी तो जेवला का, झोपला का, विचारू. नाही रुळला तर दुसरी सोय शोधायला आपल्या हातात वेळ राहील. यवतमाळहून पहाटेच निघ, उन्हात त्याला गाडीत बसवू नकोस.

काका-काकूंना नमस्कार. शनिवारचं नक्की कळव, म्हणजे त्या बाईंना तसं सांगतो.

तुझा,
विनू