लहानपणीच कसं नाही कळलं?

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. बाहेरच्या खोलीत माणसं होती, आणि कुजबुजत बोलण्यासारखा तो विषय नाही. शिवाय तुझा प्रश्न चांगला होता. "तू मुलगी नसून मुलगा असशील, तर लहानपणीच कसं नाही कळलं? तू तर माझ्याहून जास्त नटायचीस." काहीतरी थातूरमातूर सांगून तो उडवून लावावा असं वाटेना. म्हणून लिहितोय.

"लिहितोय" वाचून अडखळलीस ना? या पत्रात मी असाच लिहिणार आहे. बोलताना अजून जमत नाही. गेले कित्येक महिने मी तुझ्याशी वाक्यं चुकवत बोलतोय. "मी जेवले" म्हणायचं नाही, "माझं जेवण झालं" म्हणायचं. "दमले" नाही, "थकवा आलाय". "मी बघितलं" चालतं, "मी येईन" चालतं, पण फोन ठेवताना "निघते" तोंडावर आलं की गाडी अडते, मग "चला, निघायला हवं". तू एकदा म्हणालीसही की मी हल्ली सरकारी पत्रासारखं बोलते. त्याचं कारण हे.

तर तुझा प्रश्न. तोच प्रश्न मी स्वतःला इतका काळ विचारत बसलो की बाकी काही विचारायचं राहूनच गेलं. ट्रान्स माणसांच्या, म्हणजे जन्मताना मुलगी किंवा मुलगा ठरवलं गेलं पण आपण तसे नाही असं ज्यांना उमगतं त्यांच्या, ज्या कहाण्या वाचायला मिळायच्या, त्या सगळ्या एकाच वळणाच्या. चार वर्षांचं पोर फ्रॉक भिरकावतं, "मी मुलगा आहे" म्हणून हटून बसतं, आरशाकडे बघवत नाही. माझं तसलं काहीच नव्हतं. मला वेणी आवडायची. नाच आवडायचा, स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत कोण असायचं ते तुला माहीत आहे. आरशाशीही भांडण नव्हतं. मग मी कसला पुरुष? हे आपलं काहीतरी खूळ आहे, जाईल, अशी मीच माझी समजूत घालत होतो.

मग कुठेतरी एक जुनी हकीगत वाचली. १९६६ साली न्यूयॉर्कच्या हॅरी बेंजामिन नावाच्या डॉक्टरांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशा लोकांसाठी क्लिनिक सुरू झालं. उपचार हवे असतील तर आधी डॉक्टरांची खात्री पटवावी लागायची, आणि डॉक्टर कोणाला 'खरा' मानतात ते त्या पुस्तकात छापलेलंच होतं. लोकांनी ते एकमेकांना दिलं, वाचलं आणि आपापली कहाणी त्या मापात बसवून सांगायला लागले. लहानपणापासूनची खात्री, शरीराची शिसारी, सगळं बरहुकूम. डॉक्टरही खूश, की पाहा, सगळे पेशंट अगदी हेच सांगतात! यातली गोम ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. आणि खरोखरच पहिल्यापासून कळलेली माणसंही पुष्कळ आहेत. पण ज्या कसोटीवर तू परवा मला घासून बघितलंस, आणि मी तर रोजच बघायचो, ती काही अंशी अशी घडलेली आहे. मला हे वाचून इतकं हसू आलं की बास.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली, २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलाय. यादीतून अजिबातच काढला नाही, कारण मग उपचार मिळणं अवघड झालं असतं. आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की निव्वळ आवडीनिवडींवरून किंवा वागण्यावरून निदान करायचं नाही. म्हणजे झाडावर चढणारी मुलगी त्यानं मुलगा ठरत नाही, आणि माझ्या वेणीवरूनही काही सिद्ध होत नाही. (केस मी कापलेले नाहीत. कापणारही नाही. लांब केसांचे पुरुष जगात कमी आहेत का?)

मग कळलं कसं? सर्दीमुळे. हसू नकोस. घसा पार बसला होता आणि पार्सलवाल्याचा फोन आला. "दादा, गेटपाशी उभा आहे, जरा खाली येता का?" मी म्हटलं, "आलो." तोंडातून आपोआप निघालं. खाली गेलो तर त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे जिन्याकडे बघितलं आणि म्हणाला, "त्यांनाच पाठवा, ओटीपी लागेल." मी घोगऱ्या आवाजात ओटीपी सांगितला. तो बिचारा वेणीकडे बघत राहिला. मी वर आलो तो एकटाच हसत. काय झालंय ते कळेना, पण दिवसभर अंगात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं. सर्दी लवकर बरी होऊ नये म्हणून मी वाफ घेणं बंद केलं, तेव्हा मात्र माझी मलाच शंका आली.

तोवर मी दुःख शोधत होतो, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं मोठं दुःख नव्हतं. सगळ्यांनाच स्वतःबद्दल असं कोमट वाटत असतं, अशी माझी समजूत होती. नटताना मला मजा यायची ती खोटी नव्हती, पण ती कुणाला तरी छान सजवल्याची मजा होती. स्वतःचं काही ऐकून उडी मारावीशी वाटणं हे त्या फोननंतर पहिल्यांदा झालं.

आता तुझे उरलेले प्रश्न. मुली आवडतात का? कोण आवडतं आणि आपण कोण आहोत, हे दोन वेगळे मामले आहेत. पहिल्याचं उत्तर भेटल्यावर देईन, मसाला लावून. छाती बांधायला बाइंडर घेतलाय, घट्ट बँडेज गुंडाळत नाही, कारण त्यानं श्वास कोंडतो आणि बरगड्यांना इजा होते. झोपताना काढतो. काळजी करू नकोस.

ऑपरेशनचं काहीच ठरलेलं नाही. सगळ्यांना सगळं हवं असतं असं नसतं. हार्मोनवर मात्र घोडं अडलंय. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू केलं की पाळी बहुधा थांबते, औषध सोडलं तर परत येऊ शकते. दाढी नीट यायला काही वर्षं जातात. लाल पेशी फार वाढत नाहीत ना, यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. हे सगळं मला मान्य आहे. पण आवाज काही महिन्यांत उतरायला लागतो, आणि एकदा उतरला की औषध सोडलं तरी वर चढत नाही. जो आवाज एका फोनपुरता मिळाला तर मी नाचायचा बाकी राहिलो, तोच कायमचा मिळेल. आणि आपण दोघं गच्चीवर ओरडून गायचो त्यातली माझी वरची पट्टी जाईल. खालची येईल, पण ती कशी असेल ते आधी ऐकून बघता येत नाही. समुपदेशक बाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, घाई कुणाला आहे? मला आहे आणि नाहीही. कधी रात्री वाटतं उद्याच सुरू करावं, सकाळी उठून आंघोळीला गातो आणि बेत बारगळतो. याला शंका म्हणू नकोस. मी कोण आहे याबद्दल आता वाद नाही, सूर सोडवत नाही एवढंच.

तुझ्याकडून एकच हवंय. "अगं" सोडून "अरे" म्हण. भांडताना तर नक्कीच. चुकलीस तर माफी मागत बसू नकोस, तेवढ्यात भांडणाचा जोर जातो. आणि कृपा करून माझ्याशी जपून वागू नकोस. परवा फोन ठेवताना तू "काळजी घे हं" म्हणालीस. इतक्या वर्षांत तू मला हे कधीही म्हटलेलं नाहीस.

नाव ठरायचंय. सध्या 'निनाद' वापरून बघतोय, मनातल्या मनात. तू म्हणशील रेडिओवर बातम्या देणाऱ्याचं वाटतं. दुसरं सुचलं तर कळव.

तुझाच,
(वरचं नाव, तूर्तास)

ता. क. आईला अजून सांगितलेलं नाही, आणि ते मीच सांगणार. तोवर घरच्या फोनवर जुन्याच नावानं हाक मार आणि "अगं"ही चालू दे. मेसेजमध्ये मात्र नाही.