गोलांच्या तक्त्यात सामन्यांचा रकाना हवा

महोदय,

बेल्जियमच्या फुटबॉलवरील लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. लेख चांगला आहे. तक्रार आहे ती सोबतच्या तक्त्याविषयी. बेल्जियमकडून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत रोमेलू लुकाकू, एडन हझार्ड, बर्नार्ड वोर्होफ आणि पॉल व्हान हिम्स्ट यांची नावे आहेत, जुन्या काळातल्या रॉबर्ट डी वेन या आघाडीपटूचे नाही. नुसती बेरीज पाहिली तर हे बरोबरच आहे, कारण त्याचे गोल २६ आणि वोर्होफ व व्हान हिम्स्ट यांचे प्रत्येकी ३०. परंतु डी वेनने हे २६ गोल अवघ्या २३ सामन्यांत केले, तर ३० गोलांसाठी वोर्होफला ६१ आणि व्हान हिम्स्टला ८१ सामने लागले, हे तक्ता सांगत नाही.

१८८६ मध्ये जन्मलेला आणि क्लब ब्रुजकडून खेळणारा हा आघाडीपटू १९०६ ते १९१३ या काळात देशाकडून खेळला. बेल्जियमचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामनाच मुळी १९०४ चा, फ्रान्सविरुद्ध ३-३ असा बरोबरीत सुटलेला. विश्वचषक अजून जन्माला यायचा होता आणि वर्षाकाठी होणारे मोजके सामने बहुधा शेजारच्या देशांशीच होत. त्या काळातला बचाव ढिला होता, त्यामुळे गोल स्वस्त होते, असा आक्षेप कोणी घेईल आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण तेव्हाचा ऑफसाइडचा नियम आघाडीपटूच्या मुळावर येणारा होता. चेंडू पुढे दिला जाताना आघाडीपटूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, धरला जाई. ही संख्या दोनवर आली ती १९२५ मध्ये. शिवाय १९१२ पर्यंत गोलरक्षकाला आपल्या निम्म्या मैदानात कोठेही चेंडू हाताने अडवण्याची मुभा होती. अशा नियमांत सामन्यामागे एकाहून अधिक गोलाची सरासरी राखणे ही गंमत नव्हे.

१९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. मात्र फुटबॉलशी त्याचे नाते तिथे संपले नाही, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा अधिक मोलाचा भाग पुढचाच आहे. फ्रान्सने व्यावसायिक फुटबॉलला परवानगी देऊन १९३२ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू केली, त्या पहिल्याच हंगामात बेल्जियमच्या सीमेलगतच्या लील शहरातील ऑलिंपिक लीलवा या संघाचा प्रशिक्षक डी वेन होता. वीस संघ दोन गटांत खेळले आणि गटविजेत्यांनी अंतिम सामना खेळायचा होता. दुसऱ्या गटात आंतीब पहिला आला, पण सामना निश्चितीच्या संशयावरून त्याला बाद करून कानला संधी देण्यात आली (हा रोग आजकालचाच आहे, असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी). मे १९३३ मध्ये पॅरिसजवळच्या कोलोंब येथील मैदानावर लीलवाने कानला ४-३ असे हरवले. फ्रान्सचे पहिले व्यावसायिक विजेतेपद अशा रीतीने एका बेल्जियन प्रशिक्षकाच्या हाताखाली आले. लीलवा हा क्लब पुढे १९४४ मध्ये फीव्ह या क्लबशी एक झाला आणि त्यातूनच आजचा लील संघ उभा राहिला.

वरिष्ठ खेळाडू प्रशिक्षक झाला की बातम्यांतून त्याचे नाव उतरते, हा अनुभव मुंबईकरांनाही आहे. १८९१ पासून रोव्हर्स चषक पाहिलेल्या या शहरात, कूपरेज मैदानावर गोल करणाऱ्यांची नावे जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी असतात. चिखलात तासन् तास मुलांकडून पास घोटवून घेणाऱ्या माणसाचे नाव विचारले तर तेच प्रेक्षक एकमेकांकडे पाहतात.

तेव्हा विनंती अशी की, यापुढे असा तक्ता छापताना गोलांशेजारी सामन्यांचा आणि कालखंडाचा असे दोन रकाने द्यावेत, आणि खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला असल्यास त्याचा संघ व वर्ष खाली एका ओळीत नोंदवावे. डी वेनच्या बाबतीत ती ओळ ‘ऑलिंपिक लीलवा, १९३२-३३, विजेते’ एवढीच होईल.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई