मेलेल्या बाळाचे नाव युजीन

महोदय,

अमेरिकन नाटककार युजीन ओनीलच्या ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ या नाटकामधले टायरोन कुटुंब म्हणजे त्याचेच घर, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. बाप एकाच गाजलेल्या भूमिकेत अडकलेला नट, आई मॉर्फिनच्या आहारी गेलेली, थोरला भाऊ दारुडा (त्याचे जेमी हे नावही बदललेले नाही). मला चटका लावते ती एक अदलाबदल. ओनीलचा बाळपणीच गोवराने दगावलेला भाऊ एडमंड. नाटकात मात्र जिवंत धाकटा मुलगा एडमंड आणि मेलेले बाळ युजीन! आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षे हे नाटक छापू नये, अशी त्याची इच्छा होती. पत्नीने तिसऱ्याच वर्षी, १९५६ साली ते बाहेर काढले. चुकलेच तिचे, पण वाचक म्हणून मी तिच्याच बाजूचा.

– एक नाट्यप्रेमी, सातारा